यशवंताचा गुडघा

यशवंत गेल्याचा फोन आला तेव्हा मी बाजारात पेडव्यांच्या वाट्यापुढे उकिडवा बसून मासेवालीशी वाद घालत होतो. पेडवे कालचे आहेत असं माझं म्हणणं, आणि मीच कालचा आहे असं तिचं. फोनवर यशवंताची बायको, सुमनवहिनी. "भावजी, हे गेले ओ," एवढंच म्हणाल्या. मी उठलो, मासेवालीनं न मागता भरलेली पिशवी हातात घेतली आणि चालायला लागलो. घर जवळच, बाजाराच्या मागच्या गल्लीत. पोहोचलो तेव्हा दारात दहा-बारा माणसं उभी होती, खालच्या खोलीत यशवंताला निजवलेलं होतं, आणि माझ्या हातातल्या पिशवीतून पेडव्यांचं पाणी ठिबकत होतं. सुतकाच्या घरी मासे घेऊन गेलेला मालवणातला मी पहिलाच माणूस असेन. पिशवी कुठे ठेवावी कळेना. बाहेर टाकावी तर सगळे बघताहेत. शेवटी खोलीच्या कोपऱ्यात यशवंताची पायपेटी होती, तिच्या खाली, जिथे अकरा वर्षं मी बसलो त्या पाटावर, गुपचूप ठेवून दिली.

अर्ध्या तासानं शेजारचा बोका आला. त्यानं पिशवी ओढली, फाडली आणि तोंडात एक पेडवा धरून यशवंताच्या उशाशी उभा राहिला. खोलीतली रडारड थांबली. सगळ्यांनी आधी बोक्याकडे पाहिलं आणि मग, काही कारण नसताना, माझ्याकडे. वहिनींनी मान वर केली. तोवर त्या नुसत्या बसून होत्या, डोळे कोरडे. जमिनीवर सांडलेल्या पेडव्यांकडे पाहून त्यांना जे रडू फुटलं ते कुणाला आवरेना. मला वाटलं, आपल्यामुळेच. आपल्या मूर्खपणामुळे. खरं कारण कळायला मला पाच आठवडे लागले.

यशवंत धुरी म्हणजे टायपिंगवाला यशवंत. वडिलांनी सुरू केलेला टायपिंगचा क्लास त्यानं पुढे चालवला, कॉम्प्युटर येऊन तो बंद पडेपर्यंत. मी पोस्टात कारकून म्हणून लागलो आणि बढतीसाठी टायपिंगची परीक्षा हवी म्हणून त्याच्याकडे गेलो. आम्ही एकाच वयाचे, तरी तो मास्तर आणि मी विद्यार्थी. तो खिडकीकडे तोंड करून उभा राहायचा आणि मी टाइप करत असताना पाठमोराच म्हणायचा, "'च'च्या जाग्यार 'ज' दाबलंस." नुसत्या आवाजावरून! बारा मशिनं एकदम खडखडत असताना त्याला माझं चुकलेलं बोट ऐकू यायचं. त्या परीक्षेत मी तीनदा नापास झालो. चौथ्यांदा पास झालो तेव्हा त्यानं मला चहा पाजला आणि सांगितलं, "आता माझ्या क्लासात पाऊल टाकू नको, बाकीची पोरां तुझा बघून बिघाडतत." मी दुसऱ्या दिवशीही गेलो. पुढची पस्तीस वर्षं जातच राहिलो.

माझ्या कानांबद्दल इथंच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मला सूर कळत नाही. थोडाफारही नाही. शाळेत प्रार्थनेच्या वेळी गुरुजींनी मला वेगळं उभं करून सांगितलं होतं, की तू नुसते ओठ हलव. देवळात आरतीला मी टाळ घेतला की शेजारचा माणूस तो हळूच काढून घेतो. आणि यशवंताला तर आडातलं पाणी कोणत्या सुरात ठिबकतंय तेही कळायचं. आमची मैत्री कशी जमली हे गावाला कोडं होतं. मला वाटतं, दिवसभर सगळ्यांचं बेसूर ऐकून कंटाळलेल्या माणसाला, ज्याच्याकडून अपेक्षाच नाही असं एखादं माणूस जवळ हवं असतं.

क्लास बंद पडल्यावर रिकाम्या खोलीत पोरांची कंपनी आली. कागदोपत्री त्या नाट्यमंडळाचं नाव लांबलचक आहे, पण गावात सगळे 'पोरांची कंपनी'च म्हणतात. ओंकार नावाचा एक बुटका, तोंडाळ पोरगा त्यांचा म्होरक्या. नाटकं तोच लिहितो, तोच बसवतो. कंपनीत कोण? एक देवबागला पर्यटकांना बोटीतून फिरवणारा, एक मोबाइलच्या दुकानात बसणारा, दोघी नर्सिंग शिकणाऱ्या, आणि बंदरावरच्या मासळीवाल्या मुसलमान घरातली सना, तेव्हा जेमतेम सतरा वर्षांची. कामं आटपून संध्याकाळी पाचला जमायचे आणि टायपिंगच्या टेबलांवर ताल धरायचे. त्यांना गाणी असलेली नाटकं करायची होती, आपल्या गावाची आणि आपल्या बोलीत. यशवंताकडे वडिलांच्या वेळची पायपेटी होती. पायांनी दोन पायट्या मारायच्या, आतला भाता वारा भरतो, वर बोटांनी पट्ट्या दाबायच्या. त्यानं ती पुसली, दोन दिवस तिच्या पोटात डोकं घालून बसला आणि तिसऱ्या दिवशी पोरांना म्हणाला, "म्हणा बघू."

त्यांचं पहिलं मोठं नाटक म्हणजे 'मधली वाळू'. देवबागची ती चिंचोळी पट्टी, एका अंगाला खाडी आणि दुसऱ्या अंगाला समुद्र, आणि दोघांचं वाळूवरून भांडण. मुलगे समुद्र झाले, मुली खाडी झाल्या, जुनी जाळी अंगावर ओढून लाटा झाल्या आणि मधे एकटी सना वाळू. मी तालमी पाहायचो. एकदा उत्साहाच्या भरात समुद्रात उतरलो, म्हणजे कोरसमध्ये. दुसऱ्याच ओळीला आख्खा समुद्र थांबला. यशवंतानं पेटीवरचे हात न उचलता मला सांगितलं, "तू पडद्यामागे रव. आणि थंय पण तोंड उघडू नको."

मग यशवंताचे पाय गेले. साखर होतीच. उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली, वर्षभरात डाव्या पायाचं एक. डॉक्टरांनी बजावलं, पायट्या मारायच्या नाहीत. 'मधली वाळू' स्पर्धेत जायला महिना उरलेला. ओंकार आला, बराच वेळ खांबाला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तरानू, कीबोर्ड आणूया. वजनाक हलको, पाय मारूक नको. आणि... दुसऱ्या कोणाक पण वाजवूक जमात." त्यातलं शेवटचं वाक्य त्यानं हळू म्हटलं, पण यशवंताचे कान मी वर सांगितलेच आहेत. तो नुसता पेटीकडे पाहत राहिला. मला त्याचा तो चेहरा बघवेना, आणि बघवेना तेव्हा मी जे करतो तेच केलं. विचार न करता तोंड उघडलं. "मी मारतंय भातो. पायान नाय तर हातान. माका सूर कळणा नाय, वारो तरी कळतलो!"

अशी माझी संगीत रंगभूमीवरची कारकीर्द सुरू झाली. यशवंत स्टुलावर, मी त्याच्या डाव्या अंगाला खाली पाटावर उकिडवा, दोन्ही हात पायट्यांवर. प्रेक्षकांना पेटीच्या आडून वरखाली होणारं एक टक्कल तेवढं दिसायचं. पहिल्या प्रयोगाला पुढच्या रांगेतल्या एका लहान मुलीनं आईला विचारलं होतं, "आये, ता काय आसा?" वारा किती भरायचा ते मला कळणं शक्यच नव्हतं, म्हणून यशवंतानं खूण ठरवली. त्याचा डावा गुडघा माझ्या उजव्या खांद्याशी यायचा. गुडघा एकदा लागला की जोरात, दोनदा लागला की हळू. बस्स. मी संगीत ऐकायचो ते खांद्यानं.

स्पर्धा जिल्ह्याच्या ठिकाणी होती, मोठ्या सभागृहात, सकाळी अकराचा प्रयोग. आत एसी असा, की आमचा समुद्र कुडकुडत होता. सगळं नीट चाललेलं. आणि मग सनाचं गाणं आलं... 'इकडून पाणी, तिकडून पाणी, मधली मी रे कोणाची'. तालमीत ते मी शंभर वेळा ऐकलं असेल, म्हणजे माझ्या कानांवरून गेलं असेल. त्या दिवशी काय झालं कोण जाणे, दुसऱ्या कडव्याला मी मान वर केली. माझ्यापासून दोन हातांवर सनाचे पाय होते. अनवाणी. पायाच्या बोटांनी तिनं फळी धरून ठेवली होती, ओहोटीला पायाखालची वाळू सरकायला लागली की धरतो तशी. मी बघतच राहिलो. आणि आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी ऐकू आलं. सूरच असावा. दुसरं काय असणार! ती गात होती आणि पेटी वाजत नव्हती, आणि पेटी का वाजत नाही हे कळायला मला आणखी चार ओळी लागल्या. माझे हात पायट्यांवर नुसते ठेवलेले होते.

मी भाता थांबवला होता. राज्याच्या स्पर्धेत, भर गाण्यात, पेटीचा वारा बंद करून मी गाणं ऐकत बसलो होतो.

गुडघा मात्र आला नाही. मी खांदा ताणून वाट पाहिली, एक नाही, दोन नाही. सनानं अख्खं कडवं एकटीनं म्हटलं. आवाज एकदा जरासा हलला आणि मग असा उभा राहिला, की शेवटच्या रांगेतला माणूस खोकायचा थांबला. कडवं संपताच गुडघा लागला, मी जिवाच्या आकांतानं भाता मारला, पेटी आली, समुद्र आला, खाडी आली, आणि टाळ्या. परीक्षकांनी भाषणात सांगितलं, की वाद्य थांबवून आवाज उघडा ठेवण्याचा निर्णय धाडसी होता. ओंकारनं यशवंताकडे पाहिलं, यशवंतानं माझ्याकडे, आणि मी पाटाकडे. परत येताना टेम्पोत मी म्हटलं, "यशवंता, मेल्या, माका माफ कर." तो दोन्ही हात काखेत घालून बसला होता. मला वाटलं, एसीची थंडी अजून गेली नाही. तो बाहेर बघत म्हणाला, "बरा झाला. आता दर टायमाक थंयच थांब."

तेवढ्यावर मी गप्प बसलो असतो तर तो मी नव्हेच. जिल्ह्याच्या पेपरात कंपनीच्या बातम्या मीच लिहून द्यायचो, 'आमच्या वार्ताहराकडून' म्हणून, कारण पोस्टातल्या माणसाचं अक्षर चांगलं असतं असा संपादकांचा समज. मी लिहिलं : 'त्या एका क्षणी पायपेटी थांबते आणि रसिकांच्या अंगावर काटा येतो. ज्याला हे सुचलं त्याच्या कल्पकतेला दाद द्यावी तेवढी थोडी.' स्वतःच्या तंद्रीचं असं कौतुक दुसऱ्या कुणी छापून आणल्याचं माझ्या ऐकिवात नाही. खरी गोष्टही लपवली नाही. लग्नात, बारशात, पोस्टाच्या पायरीवर, जिथे चार माणसं भेटतील तिथे मी ही गोष्ट सांगितली. हात थांबल्याचा अभिनय, टक्कल वर करून बघण्याचा अभिनय, गुडघ्याची वाट पाहणाऱ्या खांद्याचा अभिनय. लोक डोळे पुसेपर्यंत हसायचे. यशवंतही असायचा पुष्कळदा. हसायचा. आता आठवतं, की तो ओठांनी हसायचा आणि हात टेबलाखाली घ्यायचा.

पुढच्या नाटकात यशवंतानं गाण्यांत तशा दोन जागा ठेवल्या. त्याच्या पुढच्यात पाच. ओंकार एकदा कुरकुरला, की पोरं उघडी पडतात. यशवंत म्हणाला, "पडांदेत. पडल्याशिवाय उबी कशी रवतली?" आणि खरोखर, ती पोरं उभी राहिली. तालीम पाहायला या म्हणून मी कुणालाही सांगायचो ते त्यासाठीच. वाद्याशिवाय बारा जणांनी एकदम श्वास घ्यायचा आणि एकदम सूर धरायचा, एकमेकांच्या खांद्यांकडे बघून. पर्यटकांना बोटीतून फिरवणारा तो पोरगा, ज्याला आधी पेटीवर सूर हातात धरून द्यावा लागायचा, तो आता डोळे मिटून खालचा सूर धरून ठेवायचा आणि सगळे त्यावर चढायचे. 'उधाण' या शेवटच्या नाटकात तर पेटी सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा, एकेकच लांब सूर. मुंबईहून आलेल्या एका जाणकारानं लिहिलं, की किनाऱ्यावरच्या या मुलांना वाद्याचा टेकू लागत नाही, हा संयम मोठमोठ्या मंडळींनी शिकावा. मी ते कात्रण यशवंताला मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यानं विचारलं, "टेकू म्हटला हा तेणी? टेकू?"  मी म्हटलं, "कल्पना कोणाची? माझी!" तो म्हणाला, "होय रे बाबा, तुझीच."

त्या वर्षांतल्या इतर गोष्टी सांगतो. यशवंत पेडव्यांचा वेडा होता. ताटात पेडवे असले की बोलायचा नाही. काटा न काटा बोटांनी वेचून ताटाच्या कडेला लावायचा, टायपिंगच्या ओळीसारखा सरळ. एकाएकी त्यानं पेडवे सोडले. सुंगटं, म्हणजे कोळंबी खायचा, नाहीतर इसवणीची, म्हणजे सुरमईची तुकडी, ज्यात मधला एक काटा सोडला तर काही नसतं. मी चारचौघांत त्याला टोचलं, "श्रीमंत झालंस रे! गरिबाचो मासो आता गळ्याखाली उतरणा नाय." तो म्हणाला, "कंटाळो इलो." शर्ट घालायचा सोडून तो डोक्यातून घालायचे गोल गळ्याचे बनियन घालायला लागला. त्यावरही मी बोललो, की पोरांत राहून पोर झालास. पोस्टातले फॉर्म तो माझ्याकडून भरून घ्यायला लागला. त्यावर तर मी आठवडाभर बोलत राहिलो, की मास्तराचं अक्षर विद्यार्थ्यानं काढायचं! एवढं सगळं मी पाहिलं. पाहिलं आणि प्रत्येकावर एकेक विनोद केला.

शेवटचं भेटलो तो गुरुवार होता. तालीम नव्हती. मी गेलो तेव्हा तो पेटीसमोर बसलेला, हात मांडीवर. म्हणाला, "बस. मार वायच भातो." मी पाटावर बसलो आणि मारायला लागलो. वर काही वाजेना. मी थोडा वेळ मारला, वर पाहिलं. हात मांडीवरच. मी विचारलं, "वाजवणंस नाय?" तो म्हणाला, "आयकतंय." "काय आयकतंस? हंय नुसतो वारो!" "ताच तर." मी म्हटलं, "म्हाताऱ्या, तुजे कान गेले. आता आपण दोघे सारके." तो हसला. गुडघा एकदा माझ्या खांद्याला लागला, म्हणजे जोरात. मी जोरात मारला. असे आम्ही बसलो, किती वेळ ते आठवत नाही. पेटीच्या पोटातून झोपलेल्या माणसासारखा श्वास येत होता. मग मला बाजार आठवला आणि मी उठलो. सोमवारी सकाळी तो झोपेतच गेला.

तेराव्यानंतर मी त्या गल्लीनं जाणं टाळलं. पाच वाजले की पाय वळायचे, मी त्यांना दटावून जेटीवर घेऊन जायचो. तिथे पर्यटक असतात, त्यांना मी मालवणबद्दल काहीबाही खोटं सांगत बसायचो. घरी आलो की सून विचारायची, कुठे गेला होतात, आणि मला सांगण्यासारखं काही नसायचं... हे माझ्या बाबतीत नवीनच. मग एका दुपारी वहिनींचा फोन आला. "भावजी, पेटी दमटली हा. भात्याचा चामडा कडक जातला म्हणान ओंकार सांगा होतो. वायच येवन भातो मारशात?"

गेलो. खोली तशीच होती. टेबलं भिंतीला, पेटी कोपऱ्यात, पाट तिच्याखाली. मी बसलो. नुसता भाता मारून उपयोग नाही, वर पट्टीही दाबायला हवी, म्हणजे आतले सूर मोकळे होतात. म्हणून वहिनी स्टुलाच्या कडेवर बसल्या आणि एक पट्टी एका बोटानं दाबून धरली, भीतभीत, गरम तवा चाचपावा तशी. मी मारत राहिलो. थोड्या वेळानं हात भरून आले म्हणून थांबलो.

पेटी थांबली नाही.

मी हात वर घेऊन पाहिले. पायट्यांवर कुणी नाही आणि सूर चाललाय. वहिनींचं बोट पट्टीवर तसंच होतं आणि आतला वारा हळूहळू संपत होता. मनात मोजलं, दहा झाले, अकरा, बारा. मग सूर खाली आला, कण्हल्यासारखा झाला आणि विझला. मी पुन्हा भाता मारला, पुन्हा थांबलो. पुन्हा तसंच. अकरा वर्षं मी हा भाता मारला होता आणि मला हे ठाऊक नव्हतं. ठाऊक होणार कसं? आम्ही थांबायच्या जागी थांबायचो तेव्हा वरची बोटंही उठलेलीच असायची. म्हणजे त्या दिवशी स्पर्धेत मी भाता सोडला तरी पेटी लगेच बंद पडायला नको होती. ती लगेच बंद पडली. कारण यशवंतानं बोटं उचलली होती. कदाचित माझ्या आधीच. कदाचित पेटी थांबली म्हणूनच मला गाणं ऐकू आलं असेल, आणि गाणं ऐकू आलं म्हणून माझे हात थांबले असतील.

मी ते वहिनींना सांगितलं. त्या जराही चकित झाल्या नाहीत. म्हणाल्या, "माका म्हायत आसा." त्या दिवशी घरी आल्यावर यशवंतानं त्यांना सांगितलं होतं, की मधेच बोटं गेली. दोन पट्ट्या एकदम दाबल्या गेल्या आणि त्याच्या बोटांना कळलंच नाही. साखरेनं पाय बधिर झाले होते, तेच आता वर हातांपर्यंत आलं होतं. पुढची पट्टी कुठली दाबली जाईल याची खात्री नाही म्हणून त्यानं हात उचलले आणि ठरवलं, की संपलं, आता सगळ्यांना कळणार. आणि तेवढ्यात खाली मी भाता थांबवला. "माका म्हणाले, त्या येड्यान देवासारखो भातो थांबवल्यान. आता सगळी म्हणतली तेचीच चूक." वहिनी हसत होत्या आणि डोळे वाहत होते. "शर्ट सोडीपर्यंत बटणां मीच लावी होतंय, भावजी. पेडव्यांचे काटे हाताक लागणत नाय म्हणान सोडले. एकदा गळ्यात काटो अडाकलो होतो, तेवापासून. तुमी पिशी घेवन इलात त्या दिवशी..." 

मी विचारलं. विचारायचं नव्हतं, कारण उत्तर मला माहीत असावं. "माका कित्या नाय सांगल्यान?"

वहिनींनी पदरानं पट्टी पुसली. "मी सांगतंय म्हटलंय तेंका, भावजींका तरी सांगा. तर म्हणाले, तेका नको. तो गावभर सांगतलो."

बरोबरच होतं त्याचं. मी सांगितलंच असतं. वाईटानं नव्हे, प्रेमानंच, अभिनयासकट सांगितलं असतं. चार दिवसांत ओंकारच्या कानावर गेलं असतं, कीबोर्ड आला असता, आणि कंपनीतल्या पोरांनी यशवंताला पहिल्या रांगेत खुर्ची दिली असती. त्याच्या गुडघ्यापासून माझा खांदा चार बोटांवर होता. त्या चार बोटांच्या अंतरात त्यानं सगळी वर्षं हे एकट्यानं धरून ठेवलं, कारण खाली बसलेल्याला गोष्टी फार चांगल्या सांगता यायच्या.

कंपनीच्या पोरांना मी तेव्हा काही बोललो नाही. महिनाभर तोंड मिटून राहिलो, आयुष्यातला उच्चांक. घरच्यांना वाटलं, माझी तब्येत बिघडली. मग वहिनींना विचारलं, की हे लिहू का. त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, "आता लिवा. आता तेंका कोण काडतलो? पण सगळा लिवा. तुमचा पण." म्हणून हे लिहिलं. छापायला देण्याआधी ओंकारला आणि सनाला समोर बसवून वाचून दाखवलं. अभिनय केला नाही. ओंकार उठून बाहेर गेला आणि पायरीवर पाठ करून बसला. सना आता नोकरी करते, पण नाटक सोडलेलं नाही. ती म्हणाली, "काका, त्या दिवशी पेटी थांबली तेव्हा मी मास्तरांकडे पाहिलं होतं. त्यांनी हात वर धरले होते आणि मान हलवली. जा, अशी. मला वाटलं, आधीच ठरलेलं असेल आणि मलाच सांगायचं राहिलं."

पाच वाजले की आता मी पुन्हा त्या खोलीत जातो. वहिनी वरच्या मजल्यावर चहा ठेवतात. पट्टी दाबायला खाली कुणी नसतं, म्हणून जाळ्याला वजन म्हणून बांधतात तसलं एक शिसं मी घेऊन गेलो आहे. ते एका पट्टीवर ठेवतो, कुठल्या ते मला विचारू नका. पाटावर बसतो आणि भाता मारतो. चामडं आता मऊ झालंय. हात भरून आले की थांबतो. सूर चालू राहतो, दहा, अकरा, बारा... आणि तेवढा वेळ मी पाटावर डावीकडे सरकून बसलेला असतो, उजव्या खांद्यापाशी थोडी जागा सोडून.